अकरा मिनिटांचा लोटा

बाबा, परवा कारखान्यात कामाचा वेळ मोजणारे, मापाचे साहेब आले होते. तुमच्या वेळी आले होते ते हे नव्हेत. ते तुमच्यासारखेच कधीचे वर गेले असतील आणि चित्रगुप्ताला एक नोंद लिहायला किती सेकंद लागतात हे त्याच्या मागे उभं राहून मोजत असतील. हे नवे, नागपूरहून मोटारीने आलेले, हातात घड्याळाऐवजी टॅबलेट, पण मान तिरपी करून कारागिराच्या हाताकडे बघायची तऱ्हा तीच. जणू हात चोरीचा आहे आणि मालक आपण आहोत. तुम्ही मालकाकडे ठोकायचात ते जुनं भांड्यांचं दुकान बंद पडून जमाना झाला. आता भंडाऱ्याच्या बाहेर एक नवं युनिट निघालंय, तिथे पुन्हा पितळेचे लोटे मठारतात, हातोडीचे ठोके देत घडवतात. शहरातल्या हॉटेलांना ठोक्यांचे लोटे लागतात म्हणे, पाणी प्यायला नव्हे, फोटोत बरे दिसतात म्हणून. तुम्ही मला हातोडी धरू दिली नाही, संस्कृत शिकवलंत. संस्कृतात एम.ए. झालेल्या माणसाने पोट कसं भरावं याबद्दल शास्त्रं गप्प आहेत, म्हणून मी लाखनीहून रोज बसने येऊन त्याच युनिटच्या कचेरीत बसतो आणि एका लोट्याला लागणाऱ्या वेळेचे तक्ते भरतो. हातोडी सुटली, ठोका काही सुटला नाही.

या मोजमापाबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहे; तुम्ही जिवंत असताना मी ते पुरेसं ऐकवलं होतं. आता नोकरी म्हणून तेच करतो, तेव्हा मत आणखी वाईट झालंय. साहेब कारागिराचे पाच लोटे मोजतात, सरासरी काढतात. मग ‘रेटिंग’ नावाचा एक रकाना येतो, त्यात हा माणूस मुद्दाम हळू करतो की नेहमीच्या वेगाने करतो, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं. ज्यांनी जन्मात हातोडी उचलली नाही त्यांनी ठरवायचं. शेवटी पाणी पिणे, लघवीला जाणे आणि थकवा, या तिघांना मिळून दोन मिनिटांची सवलत देतात. थकव्याला सवलत देणारा माणूस सरकारी दवाखान्यातही मी पाहिला नाही. आपले जुने लोक निदान सभ्य होते. त्यांनी काळ मोजायला स्वस्थ बसलेल्या माणसाचा श्वास घेतला. दहा गुरू अक्षरं उच्चारायला लागतो तो एक प्राण, सहा प्राणांचा एक पळ. तुमच्या घड्याळात पळाचे चोवीस सेकंद होतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा, बाबा. ऐरणीसमोर घाम गाळणाऱ्याच्या श्वासावर कालगणना बांधायची अक्कल त्यांना सुचली नाही. ती साहेबांना सुचली, आणि तिच्या कामी तुम्ही आलात.

तो दिवस मी तुम्हाला पुन्हा सांगतो, कारण तुम्ही तो सगळ्या मोहल्ल्याला वेगळाच सांगत फिरलात. आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर तुम्ही बाराही जणांनी ठरवलं होतं, लोट्याला सोळा मिनिटं. कमी नाही, जास्त नाही. सगळ्यांचा वेग सारखा राहावा म्हणून युक्ती शेजारच्या ऐरणीवरच्या काकांनी काढली. ते दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीच्या खेळाला ढोलकी वाजवायचे. त्यातलीच एक संथ चाल तोंडातल्या तोंडात म्हणायची आणि तिच्यावर हातोडी सोडायची. बाराही जण तसे ठोकतायत, मी कॉलेजातून येताना डबा घेऊन दारात उभा आहे. परीक्षा जवळ आलेली, ओठ सवयीने हलतायत. दुकान कसं देवळासारखं लागलंय. मग साहेब तुमच्यापाशी येतात, खिशातलं घड्याळ काढतात आणि मालकाला म्हणतात, “हा म्हातारा वाटतो, याला सोडा.” तुम्ही तेव्हा माझ्या आजच्या वयाचेही नव्हता. तुम्ही एकदा वर बघता. लोटा ऐरणीच्या खुंट्यावर पालथा घालता. आणि तुमच्या हातून काकांची चाल सुटते. गळ्यापासून बुडापर्यंत ठोक्यांच्या ओळी अशा उतरतात की एक ठोका दुसऱ्यावर चढत नाही. बाकीच्या अकरा हातोड्या एकेक करून थांबतात. साहेब म्हणतात, “अकरा मिनिटं.” तुम्ही लोटा त्यांच्या हातात देता, वरात आली आहे आणि तुम्ही नवरदेवाचे बाप आहात अशा थाटात. काका तेवढंच म्हणतात, “बस झालं न् जी आता?”

त्या दिवसापासून लोट्याला तेरा मिनिटं झाली, दोन मिनिटं थकव्याची धरून. मालकाने तुम्हाला मनगटी घड्याळ दिलं. ज्याच्यामुळे घड्याळ सगळ्यांच्या गळ्यात आलं त्याला घड्याळच बक्षीस, मालकालाही विनोद कळत होता म्हणायचा. तुम्ही ते बांधून घरी आलात तेव्हा आई भात वेळत होती. तिने पेज परातीत गाळली, झाकण ठेवलं, आणि तुमच्या मनगटाकडे न बघता म्हणाली, “हे घडी बांधून तुम्ही त्यायच्या दारावरून कसे जानार जी?”

“काहून? मी का चोरी केली? माह्या हात चालते, तर चालते.”

“चालते न्. बाकीच्यायचा बी चालवाले लावला न् तुम्ही.”

तुम्ही जेवला नाहीत. मी तेव्हा शहाणपणा केला, म्हणालो, अहंकारावर गीतेत श्लोकच्या श्लोक आहेत, वाचून दाखवू का. तुम्ही म्हणालात, “तुले संस्कृत शिकवलं ते मले शिकवाले नाही.” एवढा एक टोला बरोबर होता, हे मान्य करतो. बाकी मान्य करत नाही.

काकांचा खांदा तेरात बसणारा नव्हता. ते साडेचौदाच्या खाली कधी आले नाहीत. तीन महिन्यांनी ते अड्याळच्या बाजारात भात्यासमोर बसून कल्हई करू लागले. आई आपली भांडी तिथेच न्यायची. जवळ कल्हईवाले नव्हते असं नाही. ती पातेली समोर ठेवायची, काका घासून कल्हई लावायचे, आणि परतताना तिच्या पिशवीत दोन वांगी टाकायचे. तुमच्याविषयी दोघंही बोलायचे नाहीत. तुम्ही रविवारी घड्याळ बांधून सायकलवर फेरी मारायचात, अड्याळचा रस्ता सोडून.

आता परवाचं. काकांची मुलगी आमच्या युनिटमध्ये मठारकामाला आहे. पुरुष नागपूर-रायपूरला गेले, ऐरणींवर आता बायका बसतात. बापाचा हात तिच्यात उतरला आहे आणि बापाचा खांदाही. मोजणीच्या आधी ती कचेरीच्या खिडकीशी आली.

“भाऊ, कसं करू जी? जोरानं का हळू?”

“हळू. सगळ्याजणी एकाच चालीत.”

“सोळा?”

“सोळा.”

ती हसली. “बाबा सांगे मले, दंडारीच्या चालीत ठोकायचं. अन् हेही सांगे का तुह्या मोठ्या बाबाच्या पोरापासून सावध राह्यजो.” मोठे बाबा म्हणजे तुम्ही. मी म्हणालो, आमच्यातला हातोडीवाला गेला, मी नुसता अक्षरवाला आहे, माझ्यापासून काय भ्यायचं. तिची चेष्टा चेष्टाच होती, पण तिच्या डोक्यावर काय आहे ते आम्हा दोघांना माहीत होतं. युनिटचा नियम असा की तीन महिने ठरलेल्या वेळेत न बसणारीला ठोकणीवरून पॅकिंगला टाकायचं, आणि पॅकिंगला जागा नाही. ही रोज चौदा-साडेचौदाला लोटा काढते. सोळा ठरलं तर ती राहते. तेरा ठरलं तर ती घरी, आणि अड्याळच्या बाजारात आता कल्हईही कोणी करून घेत नाही.

मोजणी झाली. आठ जणी, एक चाल, कोणी चालीवरून हललं नाही. तिचा लोटा, सवलतीची दोन मिनिटं धरून, सोळाला दहा सेकंद कमी असा उतरला. मला मनातून तुमची कीव आली, की बघा, बायकांना जमतं ते तुम्हाला जमलं नाही. साहेबांनी लोटा उचलून उजेडाकडे धरला, बोटाने एक ओळ चाचपली आणि नुसते सहज म्हणाले, “काम चांगलं आहे. पण हे हाताने याहून भरभर होतच नसावं. माणसाच्या हाताची हीच मर्यादा.”

गोष्ट संपली होती, बाबा. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. पण ‘माणसाच्या हाताची हीच मर्यादा’ हे त्या गुळगुळीत बोटांनी लोटा धरून कोणीतरी म्हणालं, आणि माझ्या तोंडून निघालं, “माझे वडील अकरा मिनिटांत काढत.” वर हेही निघालं, “आणि एक ठोका दुसऱ्यावर चढायचा नाही.”

हातोड्या थांबल्या. तशाच, एकामागून एक. ती खाली मान घालून लोट्याचा काठ पुसत राहिली. साहेबांनी टॅबलेटवर काहीतरी लिहिलं आणि तक्ता माझ्याकडे पाठवला. प्रस्तावित वेळ तेरा मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यात ‘पूर्वी अकरा मिनिटांत केल्याचा दाखला, कार्यालयातूनच’. पुन्हा तेराच. तुम्ही निदान घड्याळ तरी मिळवलंत. मी तेवढंही न घेता करून बसलो.

तुम्हाला एवढं टाकून बोलून झाल्यावर आता कशाला लिहितो ते सांगतो. तक्ता दुरुस्त करायचा एकच मार्ग होता. तो दाखला खोटा ठरवायचा. काल मी साहेबांना माझ्या सहीने लेखी कळवलं की वडिलांच्या वेळेबद्दल मी दिलेली माहिती ऐकीव आहे, माझे वडील सामान्य कारागीर होते, वाढवून सांगायची त्यांना सवय होती, अकरा मिनिटं कोणी मोजल्याचा पुरावा नाही, तरी ती धरू नये. पत्र चांगलं उतरलं. माझं गद्य तुमच्यावर रागावल्यावर नेहमीच चांगलं उतरतं. संध्याकाळी तक्ता परत आला, सोळा मिनिटं. आज सकाळी ती खिडकीशी आली, दोन वांगी ठेवून गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ता नाही. साहेबांना लिहिलेल्यात एक गोष्ट मात्र चुकीची आहे, ती इथे दुरुस्त करून ठेवतो. ती वेळ ऐकीव नव्हती. त्या दिवशी दारात माझे ओठ हलत होते ते परीक्षेसाठी नव्हे. मी अक्षरं म्हणत तुमची पळं मोजत होतो, साहेबांच्या घड्याळावर माझा विश्वास नव्हता म्हणून. साडेसत्तावीस पळं भरली, बाबा. अकरा मिनिटंच होती.