बठ्ठाचा B

१२ मार्च ९७, जळगाव
प्रिंटर चालला एकदाचा! केळं कापलं की काळं पडतं, ते पाडणारं एन्झाइम. टोमॅटो, बटाटा, द्राक्ष, सफरचंद, चौघांतल्या त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळ्या, एका आम्लाला एक अक्षर, एकाखाली एक मांडल्या. बाकी अक्षरं वाटेल तशी बदलतात, पण काही रकान्यांत चौघांतही तेच H. हिस्टिडिन. इतक्या पिढ्या जे हटलं नाही तिथंच प्रथिनाचा जीव. तांबं धरणारी जागा हीच असणार. अशा रकान्यांखाली B टाकत गेले. B म्हणजे बठ्ठा, सगळ्यांत तेच. आईच्या अहिराणीतला शब्द. या डबड्याला देवनागरी येत नाही, काय करणार. विभागप्रमुख पा. सरांना दिला प्रिंटआऊट. ‘ठीक’ म्हणाले. बस्स, एवढंच.

२८ मार्च
धुळ्याच्या चर्चासत्राची पत्रिका आली. विषय माझा, शीर्षक माझं, नाव एकट्या पा. सरांचं! विचारलं तर म्हणे, "मॅडम, तुम्ही नुसतं टायपिंग केलंत."
टायपिंग! साखळ्यांसाठी पुण्याला हेलपाटे मारले ते कुणी? आई एरंडोलकडची, तिला एन्झाइमचं काय सोयरसुतक. पण ऐकून म्हणाली, "काम बठ्ठं तुन्हं, नी नाव त्यान्हं?" जेवण गेलं नाही.

५ एप्रिल, धुळे
आलेच शेवटी, एस्टीनं. मागच्या बाकावर. सरांनी पडद्यावर तक्ता लावला आणि मी गारच. साखळ्या गाळून माझी खालची ओळ तेवढी ठेवलेली. जीवाच्या प्रत्येक जागी B! एकानं विचारलं, B म्हणजे ॲस्पार्टेट की ॲस्पराजिन? खरंच, जगाच्या लिपीत B म्हणजे या दोन अमिनो आम्लांपैकी कुणीतरी, नक्की नाही. सरांनी घसा खाकरला. "ॲस्पार्टेट." टाळ्या.
अहो, हिस्टिडिन आहे ते! चोरी करायची तर निदान वाचून तरी करा. मीही मेली तोंड शिवून बसले. बाहेर येऊन उसाचा रस घेतला.

८ एप्रिल, जळगाव
निबंध सोमवारी छापायला जाणार. गप्प बसले तर चूक छापली जाईल, उद्या कुणीतरी तीच खरी धरून राबेल. सांगितलं तर बरोबर छापलं जाईल, त्यांच्या नावानं. दोन्हीकडून मरण माझंच. डोकं नुसतं तापलंय.

१० एप्रिल
सर आज माझ्या टेबलाशी. आवाज एकदम मऊ. "मॅडम, ते B... आपण नक्की काय धरलं होतं?"
आपण!
म्हटलं, "सर, टायपिस्टला काय विचारता?"
पाठ फिरवून गेले. दुपारी निबंध शिपायाबरोबर पाठवला. पहिल्या पानावर त्यांचं नाव टाइप केलेलं, खाली माझं. पेन्सिलीनं. म्हणजे H मिळाला की खोडरबर तयार.
शाईपेन उघडून बसलेय. आधी स्वतःचं नाव गिरवलं, चांगलं ठसठशीत. B ला अजून हात लावलेला नाही.