सरकत्या छपराचं खोपट

३ नोव्हेंबर
भावजयीने आज आपणहून घमेलं उचललं. लग्न होऊन आल्यापासून माझ्या कुठल्या उद्योगाला हात लावला नाही हिने, आणि आज वाळू! काहीतरी शिजतंय.

खड्डा दोन फूट झाला. त्यात दुर्बिणीचा खांब उभा राहणार. परसातल्या खोपटाच्या फळ्यांच्या जमिनीला तो टेकता कामा नये, नाहीतर आत माणूस हललं की वर तारा हलतो. हे सगळं तिला समजावलं. तिचा प्रश्न काय, तर खांब मधोमधच हवा का? कडेला घेतला तर एक खाट मावेल.

खाट कशाला?

५ नोव्हेंबर
फळ्या आल्या. माल भरून येतो त्या खोक्यांच्या, खिळे उपटता उपटता बोटं सोलवटली. पत्रे भंगारातले. छपराला जुन्या फाटकाची चाकं, म्हणजे ते रुळावरून भिंतीकडे सरकेल आणि वर नुसतं आकाश. सुताराला हे पचत नाही. म्हणे, लोक छप्पर पळू नये म्हणून मला बोलावतात, ताई, तुम्ही पळवायला बोलावलंत.

हसू दे. एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून लोकांच्या काचा घासल्या. निवृत्त झाल्यावर सात महिने खपून हा दुर्बिणीचा सहा इंची आरसा घासला – स्वतःसाठी. तो ट्रंकेत कापसात गुंडाळून ठेवलाय. किल्ली माझ्या गळ्यात.

६ नोव्हेंबर
भावजय विचारत होती, पावसात गळणार तर नाही ना.

९ नोव्हेंबर
आता माझी खात्री झाली. मला खोपटात ढकलायचा बेत आहे यांचा.

आठवून बघितलं. आधी खाट. मग गळणार का. परवा म्हणाली, थंडीत आतून पुठ्ठा लावला तर ऊब राहील. माझ्या खोलीवर डोळा असणार – सकाळचं ऊन येतं, परसात उघडणारं वेगळं दार आहे. म्हातारी गेली ताऱ्यांत, खोली मोकळी!

पण एक कळत नाही. मला घालवून यांचं चालायचं कसं? या घरात माझ्यावाचून पान हलत नाही. आज सकाळचंच घ्या. धाकटा भाऊ बुटाच्या नाड्या बांधत मला म्हणाला, तिला सांग, आज उशीर होईल. ती तिथेच कणीक मळत होती. मी सांगितलं. तिने मला विचारलं, जेवून येणार का विचारा. मी विचारलं. रोजचंच आहे. भाऊ माझा, त्यामुळे दोघंही मला मध्ये घेतल्याशिवाय काही करत नाहीत.

तरी सावध राहायला हवं.

१२ नोव्हेंबर
खोपटाच्या दाराला आतून कडी! जाड, लोखंडी. मी सांगितली नव्हती. सुताराला धारेवर धरलं. आधी स्क्रू शोधायचं नाटक केलं, मग म्हणाला, वहिनींनी सांगितली. तुम्हाला बोलू नको म्हणाल्या.

घराचे कागद काढून वाचले. निम्मं घर माझं. बघतेच.

१४ नोव्हेंबर
 आज सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी स्वयंपाकघरात दोघं असताना विचारलं, मला खोपटात घालायचं ठरवलंय का तुम्ही? धाकट्याने कप खाली ठेवला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून कळतं मला. म्हणाला, "मला काय विचारतेस? तिला विचार."

सवयीने मी वळले. "तो म्हणतोय तुला विचार –" आणि जीभ अडखळली. ती तीन फुटांवर होती.

ताट पुसत, वर न बघता ती म्हणाली, "वन्सं, खाटेचं, गळण्याचं ते मी तुमच्यासाठी नव्हते विचारत. माझ्यासाठी विचारत होते."

धाकटा पिशवी उचलून निघून गेला. मग ती बोलली. दोन वर्षं चार महिने झाले, तो तिच्याशी एक शब्द बोललेला नाही. कपाटाची किल्ली हरवली त्यावरून भांडण झालं होतं. तेव्हा म्हणाला, तुझा आवाज नको मला. तिला वाटलं, चार दिवसांत निवळेल. नंतर तीही बोलायची थांबली. एकच खोली, एकच पलंग. मी विचारलं, हात उगारतो का? म्हणाली, "नाही हो. त्यांच्या लेखी मी तिथे नसतेच. आठवड्यातून दोन रात्री कुठेतरी दार लावून पडावं, एवढंच."

दोन वर्षं मी निरोप पोचवत होते आणि समजत होते, घरात आपलं वजन आहे! वर माझ्या पदरचे शब्द घालायचे. तो म्हणायचा, उशीर होईल. मी सांगायचे, वाट बघू नकोस म्हणतोय, जेवून घे.

हेही तिला सांगितलं. म्हणाली, ते तुमचे शब्द आहेत हे कळायचं मला. तरी बरं वाटायचं.

१६ नोव्हेंबर
धाकटा – "ताई, तिला सांग –"
मी म्हटलं, ती समोर आहे, तूच सांग.
नाही सांगितलं. दोघंही उपाशी झोपली. माझं चुकलं की काय?

१७ नोव्हेंबर
आजही नाही. मी त्याच्या ताटात वाढलं, पण निरोप पोचवला नाही. मला म्हणाला, तिने तुझे कान भरलेत. मी म्हटलं, तिने नाही रे, मीच उशिरा उघडले.

१९ नोव्हेंबर
छप्पर एका हाताने सरकलं. सुतारानेही दोनदा सरकवून बघितलं! दिवेलागणीनंतर आरसा बसवला. कृत्तिका वर आल्या होत्या. तिला बोलावलं. डोळा लावून कितीतरी वेळ वाकून उभी होती. पस्तीस तारे मोजले म्हणाली, मग गडबडले. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

२१ नोव्हेंबर
सकाळी माझी गादी खोपटात नेली. खोली तिला दिली, किल्लीसकट. संध्याकाळी धाकटा आला, घरभर फिरला, आणि तिच्या बंद दारासमोर थांबला. मला वाटलं, आता मला हाक मारणार. त्याने तिला हाक मारली. नावाने.

दार उघडलं नाही. तो अजून तिथेच बसलाय.