आधी कोणाला सोडायचं

३ जून
आलो एकदाचे नव्या गावात. दुसरा मजला, दोन खोल्या नि स्वयंपाकघर. उजेड इतका, की आईने पाऊल टाकताच पडद्यांची भुणभुण लावली. सामान लावता लावता कंबरेचा काटा ढिला झाला, पण मजा आली. नोकरी घरूनच आहे, कंपन्यांची नेटवर्कं सांभाळायची. जुन्या घरात रोज धाकट्या भावाची खोली ओलांडून जावं लागायचं. गेल्या वर्षी मोटरसायकल ट्रकखाली येऊन तो गेला, तेव्हापासून ती खोली बंदच होती. इथे तशी खोलीच नाही.

५ जून
इथली नेटची लाइन अगदी बारीक. मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं की आईची मालिका सुरू, आणि साहेबांना माझं निम्मंच ऐकू जातं. शेवटी राउटरमध्ये प्राधान्यक्रम लावला. आईला सांगितलं, दार अरुंद आहे, बाहेर पडणारे पुष्कळ. आधी कोणाला सोडायचं ते आपण ठरवायचं. माझा लॅपटॉप वर, तिचा फोन मध्ये, बाकी सगळं तळाला. वरच्याचं भागल्याशिवाय खालच्याला वाट नाही. म्हणजे म्हातारीने रांगेत उभं राहायचं तर, असं म्हणून तिने नाक मुरडलं.

९ जून
राउटरच्या यादीत, तळाच्या रांगेत, एक फोन दिसतोय. नाव ‘शेंडेफळ’. धाकट्याने गमतीने आपल्या फोनला ठेवलेलं नाव. तो फोन त्याच्याबरोबरच चिरडला गेला. तुकडे मीच पिशवीतून घरी आणले होते. शेजारच्या कोणाचा असेल म्हणून काढून टाकला. जेवून आले, तर पुन्हा यादीत.

१० जून
दुपारी त्याच फोनवरून लॅपटॉपवर कॉल आला. नुसती खरखर, आणि मधूनच “ताई”. राउटर उघडला. त्याला एक पायरी वर घेतलं, तसा आवाज मोकळा झाला. म्हणाला, केव्हाचा बोलतोय, तुम्हाला ऐकूच जात नाही. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

१२ जून
आज त्याला आईच्याही वर घेतलं. आई काय करतेय, असं त्याने विचारलं. वळून पाहिलं तर आई दारात, तोंड अर्धवट उघडं, हलत नव्हती. हातातला पेला कललेला, आणि पाणी काठावरून ओघळता ओघळता तिथेच थांबलेलं.
मी त्याला खाली ढकललं. पाणी सांडलं. आईने राहिलेलं वाक्य पुरं केलं. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणे, जरा डोळा लागल्यासारखं वाटलं.

१३ जून
त्याला कायमचं अडवलं. अडवताना तो म्हणाला, “मला खाली टाकू नकोस ताई, इथे खाली फार —”
पुढचं ऐकलं नाही. ऐकवलं नसतं.

१५ जून
का रडतेस, असं आईने विचारलं. सगळं सांगून टाकलं. ती मुळीच दचकली नाही. आवाज तसाच होता का, एवढंच म्हणाली. मग कुठे दाबायचं ते विचारलं. मी दाखवलं — का दाखवलं? मला खाली टाक, माझं काय अडलंय, म्हणाली. मी नाही म्हटलं. नाही म्हणजे नाही.

१७ जून
दूध तापत ठेवलं. पुढचं आठवतं ते — पातेलं कोळसा झालेलं, खिडकीतलं ऊन गेलेलं. आईच्या खोलीचं दार लोटलेलं. आत ती कोणाशी तरी बोलत होती.

१८ जून
तिने त्याला वर घेतलंय. स्वतःला खाली टाकलं असतं, तर त्याच्याशी बोलली कशी असती? मला टाकलंय. तिला वाटतं, डोळा लागतो, तेवढंच —
दोनदा हाक मारली. तिला ऐकू —

पुन्हा मध्ये काहीतरी गेलं. शाई वाळली आहे.
लॅपटॉप समोर आहे. एकदा दाबलं की तो — परत तळाला —
दारापलीकडे आई हसतेय. तो गेल्यापासून पहिल्यांदा. “गप रे,” म्हणते, आणि पुन्हा —
बोट बटणावर आहे.
थोडं हसू दे तिला. मग मी