मागचं टायर

छकुले,

तुझ्या बाइकचं मागचं टायर मी काढून ठेवलंय, रागावू नकोस. नक्षी भरपूर दिसते, पण रेसच्या ट्रॅकवर तापून-निवून रबर कडक झालंय. वळणावर पकड सुटेल. उद्या नवं बसवतो.

दादाच्या टायरचंही असंच झालं होतं. त्यानं विचारलं, “बाबा, अजून एक दिवस चालेल का?” मी नुसतं नखानं दाबून बघितलं आणि “चालेल” म्हणालो. तीस वर्षं टायर बसवणारा माणूस मी!

तो वळणावर घसरून पडल्यापासून सगळ्यांना स्वतःचीच चूक सांगतोय आणि मी खाटेपाशी गप्प उभा असतो. आज त्याला खरं सांगायला हॉस्पिटलात चाललोय.

आईनं भरलेला डबा घेतलाय. तू संध्याकाळी तिकडे ये. एकट्यानं परत यायला जमेलसं वाटत नाही.

बाबा