उभ्यानं बोललेलं

६ फेब्रुवारी १९६८, मंगळवार. लोणावळा

…पण बाबांचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, मिटिंगचा वृत्तांत म्हणजे गार्डाच्या जर्नलसारखा. गाडी कुठं थांबली, का थांबली, कधी सुटली. डब्यातली माणसं काय बोलली ते गार्ड लिहीत नाही. बाबा स्वतः रेल्वेत गार्ड, त्यांना सगळं जग गाडीच्या शेवटच्या ब्रेकव्हॅनमधूनच दिसतं! मी म्हणते, माणसं बोलली तीच तर मिटिंग. तेच गाळलं तर उरलं काय?

जेवताना सुद्धा हेच. आई म्हणाली, "अजून एक मिटिंग झालेली नाही आणि दोघं भांडताय."

सरूआत्याचा निरोप आला म्हणून हे सगळं. तिच्या गावच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. लिहिणारी मुलगी लग्न होऊन गेली. ग्रामसेविका बाई म्हणतात, प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या वृत्तांताची वही, नीट नसेल तर मंडळाच्या बालवाडीची पुढच्या वर्षाची मंजुरी सरकणार नाही. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ही आहे की. शॉर्टहँडचा क्लास करतेय."

माझं मराठी लिहिणं म्हणजे! कॉन्व्हेंटात आठवड्यातून दोन तास मराठी. पण आत्याचा निरोप, "अक्षर कसंबी आसूं दे, पोरगी आपली हाय." इतकं बरं वाटलं. मला कुणी काम असं कधी दिलं नव्हतं. नवं पेन घेतलं.

१३ फेब्रु., मंगळ. आत्याकडे

सकाळच्या लोकलनं बेगडेवाडी. तिथून परंदवडीच्या रस्त्यानं चालत, मग आत वळून आत्याचं गाव. हरभरा काढायला आलाय. वाटेत एका बाईनं हाक मारून ओले डहाळे हातात दिले. ओळख ना पाळख.

मिटिंग शाळेच्या पडवीत. निळी-तांबडी सतरंजी अंथरली. हजेरी घ्यायची म्हणून मी सगळ्यांची नावं विचारत सुटले. एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती, सगळ्यात जास्त तीच बोलत होती. तिचंही लिहायला घेतलं तर आत्या म्हणाली, "ती नगं."

"का? एवढी बोलतेय."

"उबी हाय न्हवं. सतरंजीवर बसली ती सभेत. उबी ऱ्हायली ती आपली वाटंनं चाललीया. तिचं धरायचं न्हाई."

काय सोपं! शाळेत सिव्हिक्सच्या बाईंना कोरम समजावताना घाम फुटायचा. आत्यानं एका सतरंजीत भागवलं.

चहा आणला तो पारूमावशींनी. या बालवाडीच्या मदतनीस. वरच्या ठाकरवाडीत राहतात. रोज सकाळी तिथली बारकी पोरं गोळा करून ओढा ओलांडून खाली आणतात, पावडरीचं दूध कालवून पाजतात, परत वर नेतात. कप देता देता म्हणाल्या, "वड्यावर येक फळी टाका बायांनो. बारकी दगडावनं घसरत्यात." बायांनी कप उचलले, विषय पुढं गेला. मावशी खांबापाशी उभ्या होत्या, म्हणून मी लिहिलं नाही.

बाकी सगळं लिहिलं. शब्दन् शब्द. बोटं दुखतायत. खूष आहे.

२० फेब्रु., मंगळ. आत्याकडे

अरे देवा.

आजचा पहिला विषय: मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे. मी उभी राहून वाचायला लागले. "हौसाबाई म्हणाल्या, लवकर आटपा, माझी म्हैस व्यायला झाली आहे. यमुनाबाई म्हणाल्या, तुमची म्हैस दर मंगळवारीच कशी व्यायला होते."

मग एक हसली. मग सगळी पडवी. यमुनाबाईंना ठसका लागला, कुणीतरी पाठीवर थापट्या मारल्या. हौसाकाकू मात्र लाल. "म्या आसं कवा म्हन्ले?"

"म्हन्लीस की! बुकात हाय!"

पुढं कुणी कुणाच्या सुनेला काय म्हणालं तेही आलं. मग हसणं संपलं. हौसाकाकू आणि यमुनाबाई आता एकमेकींशी बोलत नाहीत. वाचण्यातच सभा संपली, विषय राहिले बाजूला.

घरी आत्या भाकरी थापत होती. वाटलं आता बोलणी बसणार. तर म्हणाली, "पोरी, तू सभा लिव्हलीस का भांडन?"

मी बुक मिटलं.

"काय ठरलं, कोन करनार, कवा करनार. येवढं लिव्ह. आन् बाया वहाना शोदायला लागायच्या आत वाचून दाव. येकदा वहाना पायात गेल्या की कुनी ऐकत न्हाई."

तीन गोष्टी आणि वहाणा. हे मला कुठल्या क्लासात शिकवलं असतं? बाबांचंही हेच म्हणणं होतं, पण ते कबूल करायला थोडे दिवस घेणार आहे. आत्याच्या पाया पडले तर म्हणाली, "बाजूला सर, तवा तापलाय."

२७ फेब्रु., मंगळ. आत्याकडे

आज जमलं! अख्खी सभा एका पानात. ठराव, कोण, कधी. शेवटी ताडताड वाचून दाखवलं, एकीचीही वहाण पायात गेली नव्हती. सह्या, अंगठे, झालं.

सभेत एक वाईट झालं. हौसाकाकू दूध पावडरवरून पारूमावशींना बोलल्या. "डबा लवकर सरतो. वर ठाकरवाडीत दुधाचा च्या व्हतोय जनू." मावशी खांबापाशी होत्या. हातातला ट्रे खाली ठेवला. "मला न्हाई करायचं तुमचं काम. दुसरी बगा." आणि पदर खोचून तशाच निघून गेल्या.

कुणी थांबवलं नाही. मी लिहिलं: "मदतनीस पारूबाई यांनी कामाचा तोंडी राजीनामा दिला. सभेने नोंद घेतली." किती नेमकं! आधीच्या मंगळवारची मी असते तर चार पानं भरली असती. वाचलं तेव्हा आत्या शाळेची किल्ली शोधत होती, तिचं अर्धं लक्ष नव्हतं. पहिली सही हौसाकाकूंची.

२८ फेब्रु., बुध. आत्याकडे

सकाळी बालवाडीत गेले तर पारूमावशी हजर. पोरांच्या रांगेमागं, कडेवर एक. काल काही झालंच नाही अशा.

"मावशी, तुम्ही काम सोडलं ना?"

"कुनी? म्या?" हसल्या. "ते रागाचं बाय. रागाचं कोन धरतं?"

आणि खरंच, कुणी धरलं नव्हतं. आत्यानंही नाही. हे मला काय माहीत!

दुपारी ग्रामसेविका बाई वडगावहून आल्या. बुक चाळलं. "वा, आता कसं नीट लिहिलंय," म्हणाल्या. माझी मान वर. मग ती ओळ वाचली. "राजीनाम्याची नोंद आहे, सह्या आहेत. पुढच्या मंगळवारी हे कायम झालं की मी नवीन नाव वर ऑफिसात पाठवते."

हौसाकाकू तिथंच होत्या. "माजी धाकली सून हाय की. चवथी शिकल्याली."

बाई मावशींना म्हणाल्या, तोवर तुम्ही येऊ नका. वाईट बोलल्या नाहीत, नियम सांगितला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गाडी चुकलेलं माणूस स्टेशनमास्तरकडे बघतं तसं. त्यांना वाटत होतं मी काहीतरी करू शकते.

मी काय करू? बोलल्या ते खरं. लिहिलं तेही खरं.

१ मार्च, शुक्र. लोणावळा

जेवण गेलं नाही. ते पान फाडून टाकते असं मी म्हणाले तेव्हा बाबा पहिल्यांदा चिडले.

"पान फाडायचं नाही. कधीच नाही. चूक लिहिलंयस का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? कच्चं आहे ते अजून. मागच्या सभेचा वृत्तांत पुढच्या सभेत वाचतात तो कशासाठी? शोभेला? लोकांनी ऐकून म्हणावं, बाई, हे असं नव्हतं. तेवढ्यासाठीच तो विषय पहिला असतो."

मला वाटायचं तो विषय म्हणजे शाळेतल्या प्रार्थनेसारखा, म्हणून टाकायचा.

बाबा मग स्वतःच म्हणाले, "सोमवारीच जा. मंगळवारच्या आधी त्या मदतनीस बाईंना भेट." तिकिटाचे पैसे उशाशी ठेवून ड्यूटीवर गेले. अशा बापाशी मी जर्नलवरून भांडत होते.

४ मार्च, सोम. आत्याकडे

बुधवारनंतर वरची पोरं खाली आलीच नाहीत. आणणार कोण? बालवाडीची खोली अर्धी रिकामी. दुधाचं पातेलं अर्धं.

आत्याबरोबर ठाकरवाडीवर गेले. ओढ्यातले दगड शेवाळलेले, माझा पाय दोनदा घसरला. पारूमावशी घराच्या कारवीच्या कुडाला शेण लिंपत होत्या. आमच्यासाठी हात धुतले, पाणी दिलं. चार-पाच पोरं येऊन मावशींच्या लुगड्याला धरून उभी.

मी म्हणाले, "मावशी, उद्या सभेला या. सतरंजीवर बसून सांगा, काम सोडलेलं नाही म्हणून. मग मला लिहिता येईल."

"सतरंजीवर?" मावशींना गंमत वाटली. "मला कोन बस म्हनलंय कवा? च्या देयाचा, कपं गोळा करायची, खांबापाशी उबं ऱ्हायाचं."

आत्या कुडाकडे बघत राहिली.

परत येताना मला सुचलं. इतकं सरळ! "आत्या, त्या उभ्या होत्या. तूच म्हणतेस ना, उभ्याचं धरायचं नाही. मग राजीनामा धरायचाच नाही."

आत्या ओढ्याच्या मधल्या दगडावर थांबली. "व्हय. धरायचा न्हाई." मग पुढच्या दगडावर पाय ठेवत, "आन् आजवर ती जे जे बोलली त्ये? त्ये बी धरलं न्हाईच की आपून."

फळी. पहिल्या दोन्ही मंगळवारी म्हणाल्या होत्या, चहा देता देता. उभ्यानं म्हणून मी लिहिली नाही. आणि उभ्यानंच बोललेलं, त्यांना नडणारं, ते तेवढं लिहिलं. सुबक अक्षरात.

५ मार्च, मंगळ. आत्याकडे

ग्रामसेविका बाई आल्या होत्या. पडवी भरलेली. पारूमावशी आल्या, खांबापाशी उभ्या राहिल्या. चहाचा ट्रे नव्हता, त्यामुळं हात कुठं ठेवावे कळत नव्हतं त्यांना.

मी वृत्तांत वाचला. राजीनाम्याची ओळ सुद्धा, न गाळता. आत्यानं विचारलं, "बरूबर हाय का?"

हौसाकाकू: "हायच की. समद्यांनी ऐकलंय."

आत्या: "बोलली तवा ती कुटं हुती?"

"खांबापाशी."

"सतरंजीवर न्हवती?"

"न्हवती. पन…"

"मग आपून उबीचं कवापास्नं धराया लागलो?"

यमुनाबाई हळूच म्हणाल्या, "गेल्या साली म्या उब्यानं ठराव मांडला तर न्हाई धरला माजा. आन् हौसे, तूच म्हन्लीवतीस, बस आदी, मग बोल." तेवढ्यावर हशा. हौसाकाकू पण हसल्या, आपलंच बोलणं आलं म्हटल्यावर काय करणार.

मी पान फाडलं नाही. खाली लिहिलं: "पारूबाई सभेत बसल्या नव्हत्या, सबब त्यांचे रागाचे बोलणे राजीनामा धरलेले नाही. या दुरुस्तीसह वृत्तांत कायम." वाचून दाखवलं. ग्रामसेविका बाई म्हणाल्या, "असं मी कुठं वाचलेलं नाही. पण सभेचंच मत आहे तर ठीक. मी वर कळवते. काय उत्तर येतं बघू. तोवर काम चालू द्या."

मग आत्या म्हणाली, "पारू, आता बस."

मावशी हलल्या नाहीत. सगळ्यांनी बघितलं की सतरंजीवर जागाच नाही. आणि सरकलं कोण? हौसाकाकू. ढुंगण सरकवत, कुरकुरत. "सरक म्हनायची वाट बगतीस व्हय? ये. आन् दुदाचा डबा उद्यापास्नं दोगी मिळून उगडू, म्हंजी माज्या बी जिवाला घोर न्हाई." काल ज्या बाईचा मला राग राग येत होता, तिला आज मिठी मारावीशी वाटली.

मावशी टेकल्या. अर्ध्या. एक पाय सतरंजीवर, एक खालच्या फरशीवर, कधीही उठता यावं असा. इकडं तिकडं बघून म्हणाल्या, "मंजी आता रागवायचं बी बसूनच का व्हय?"

पडवी कोसळली हसून. पण मी त्यांच्याकडे बघत होते. त्या पुरत्या हसत नव्हत्या.

मग म्हणाल्या, "वड्यावर फळी टाका."

काय ठरलं: फळी टाकणे. कोण करणार: हौसाबाईंच्या घरी बाभळीची जुनी फळी आहे, त्यांचे मालक. कधी: शिमग्याच्या आत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला ठराव. एका ओळीत बसला.

६ मार्च, बुध. लोकलमध्ये, मग घरी

सकाळी वरची पोरं खाली आली. पातेलं भरून दूध. निघताना मावशींनी पदरातून शेवग्याच्या कोवळ्या पाल्याची जुडी दिली. आईला दे, भाजी कर म्हण. कुणाकुणाचं काय काय देणं लागते मी. आत्या, बाबा, हौसाकाकू सुद्धा.

काल घाईत कच्च्या कागदावरच लिहिलं, ते आता बुकात उतरवायचंय. फळीच्या ठरावाला सूचक, म्हणजे मांडणारी, पाहिजे. सूचक पारूबाई. पण सूचक लिहायचं तर आधी हजेरीत नाव पाहिजे. हजेरीत आलं तर त्या सभेत आल्या. मग इथून पुढं बोललेलं सगळं धरायचं, फळी पण आणि राग पण. आणि वरच्या ऑफिसातून अजून उत्तर आलेलं नाही, तिथं कुणी म्हणेल, मग राजीनामाही धरा.

नाव गाळून हौसाकाकूंना सूचक करता येईल. त्यांची हरकत नाही. मावशींची पण नसेल. मी विचारलं होतं तर म्हणाल्या, "तुला ठीक वाटंल ते लिव्ह बाय. पन लिव्हलं की मला वाचून दाव."

हजेरीत शेवटी एक ओळ कोरी सोडलीये. मंगळवारपर्यंत भरायची. बाबा ड्यूटीवर, आई म्हणते तुझं तू बघ.

ही वही पुढंमागं कुणी वाचलीच, तर तुम्हीच सांगा: एक पाय सतरंजीवर, एक फरशीवर. तुम्ही त्यांचं नाव लिहिलं असतं का?