विनोदाशिवाय गोळी नाही

१२ ऑक्टोबर

चर्चचे कार्यक्रम ठरवणाऱ्या ब्रेंडानं आज तिथे जाहीर करून टाकलं—यंदाही पोरांनी दारोदार फिरायचं नाही! पंचवीस तारखेच्या शनिवारी चर्चच्या आवारात सगळ्यांनी गाड्या लावायच्या, डिक्या उघडायच्या, त्यात गोळ्या-चॉकलेटं मांडायची आणि पोरांनी या डिकीवरून त्या डिकीवर जायचं. "सेफ असतं गं व्हर्ला! आणि अर्ध्या तासात आटपतं."

आटपतं! भिकाऱ्यांची रात्र काय आटपायची गोष्ट आहे? अख्ख्या डे मॉइन गावाला ठाऊक आहे, तीस तारखेला, हॅलोविनच्या आदल्या रात्री, पोरांनी वेश करायचे, दार वाजवायचं, विनोद सांगायचा आणि मग गोळी घ्यायची. विनोद नाही तर गोळी नाही. माझी आई असंच करायची, तिची आईही. मी विचारलं, "आणि विनोद?" तर ब्रेंडा म्हणते, "अगं, रांग केवढी असते! वेळ कुणाला आहे?"

तळपायाची आग मस्तकात गेली. नुसता हात पुढे करायचा आणि घ्यायचं—मग खरी भीक तर हीच झाली की!

१५ ऑक्टोबर

नवऱ्याला सांगितलं, मर्लला. नेहमीसारखा खिडकीबाहेर बघत राहिला. अर्धांगाचा झटका आल्यापासून असंच चाललंय. दोन-चार शब्द बोलतो, तेही जुळवून जुळवून. उजवा गाल हलत नाही.

आणि हसत नाही. एकदाही नाही. टायरच्या कारखान्यात याच्या हसण्यावरून लोक ओळखायचे, मर्ल कुठल्या कोपऱ्यात आहे ते! भिकाऱ्यांच्या रात्री तर पोरं मुद्दाम आमच्याकडे दोनदा यायची. कितीही फुसका विनोद असो, हा मांडी बडवून हसायचा. सांगाड्याला भीती का वाटत नाही? पोटात गोळा यायला पोटच नाही! हा एकच विनोद एका रात्री सात पोरांनी सांगितला, आणि सातही वेळा याच्या डोळ्यांत पाणी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सवयीच्या गोष्टी करू द्या. म्हणून मला पोरं हवीत. दुसरं काही मागत नाही मी. एखादं पोर येईल, काहीतरी वेड्यासारखं सांगेल, आणि हा हसेल. पण येतंय कोण? गेल्या वर्षी एक काळं कुत्रं फिरकलं नाही दारात!

१८ ऑक्टोबर

पॉपकॉर्नचे लाडू करू म्हटलं, पाकातले. समोरच्या कर्स्टनला विचारलं तर चाचरत म्हणाली, "व्हर्ला, तुमचे लाडू छानच असतात हो, पण हल्ली आया घरचं काही घेऊ देत नाहीत. पाकीटबंद असेल तर बघा." म्हणजे मी काय विष घालणार आहे? यांच्या नवऱ्यांनी लहानपणी याच लाडवांवर ताव मारलाय!

गोळ्यांची पाकिटं आणली. मुकाट्यानं.

शनिवार

डिक्यांचा सोहळा लांबून पाहून आले. राजकन्या, डायनासोर, भुतं—सगळी रांगेत, हूं नाही की चूं नाही. एका पोराला मी वाकून विचारलं, "विनोद येतो का रे?" त्यानं आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे असं बघितलं, जशी मी पोरं पळवणारी बाई!

शरम वाटायला हवी होती. मला नव्हे, त्यांना.

२९ ऑक्टोबर

दोन भोपळे कोरले. उद्या कुणी येवो न येवो, मर्ल दारातच बसेल. तो त्याचा मान आहे. मी स्वयंपाकघरातून हलणार नाही. मी शेजारी उभी राहिले की अवघडतो, एवढं कळतं मला.

३० ऑक्टोबर

कुणी नाही.

सहाला ओसरीचा दिवा लावला, त्याला दारात खुर्चीत बसवलं, टोपली मांडीवर दिली, अंगावर शाल टाकली. आठपर्यंत मी आत राजमा-खिम्याचं तिखट सूप ढवळत कान टवकारून बसले. रस्त्यावर पोरांचे आवाज आले. आले, मी ऐकले! समोर कर्स्टनकडेही घंटा वाजली. म्हणजे सगळी पोरं काही चर्चच्या डिक्यांवरच थांबली नव्हती. फिरत होती, आणि आमच्या दाराला वळसा घालून जात होती!

का? आजारी माणूस काय चावतो? या गल्लीतल्या अर्ध्या पोरांच्या सायकली याच माणसानं दुरुस्त केल्यात. कृतघ्न मेले!

टोपली भरलेली तशीच. मर्ल म्हणाला, "झोप... आता." मला रडू आवरेना, त्याच्यादेखत.

१ नोव्हेंबर

राहवलं नाही. गेले तडक कर्स्टनच्या दारात आणि तोंड सोडलं. म्हटलं, तुझी लेक टेटम कुठे होती परवा? शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?

ती दार पूर्ण उघडून बाहेर आली. "अहो व्हर्ला, ती आली होती! फाटकापर्यंत. पण तुमच्या ओसरीचा दिवा बंद होता. गेल्या वर्षीही बंदच होता. मला वाटलं, तुम्हालाच नको असेल."

दिवा बंद म्हणजे येऊ नका, हे आमच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस. मी स्वतः लावला होता."

मग ती हळूच म्हणाली, "आणि त्याच्या आदल्या वर्षी, मर्ल नुकतेच इस्पितळातून आले होते ना, टेटमनं त्यांना विनोद सांगितला. ते हसले नाहीत. तिला वाटलं आपलंच चुकलं. पायरीवरच रडायला लागली ती. त्यांनी पाहिलं ते."

घरी आले. बटण दाबलं. दिवा लख्ख लागला. बटण खुर्चीच्या डाव्या हाताला आहे.

२ नोव्हेंबर

दिवा तूच मालवलास का, विचारलं. मान डोलावली त्यानं. मग जुळवून जुळवून म्हणाला, "पोर... एवढं... पाठ करून येतं. आणि मी... ढिम्म."

मी ब्रेंडाला, चर्चला, गल्लीतल्या पोराबाळांना शिव्या घालत होते. आणि हा दारात अंधार करून बसला होता, टोपली मांडीवर घेऊन, कुणी येऊ नये म्हणून.