नऊ वर्षं दुसरा नंबर

हॉथर्नबी स्टेशन,
१४ जून १९६२

ती. विनीताईस, धाकट्याचा सा. न.

गुडघा बरा आहे, कोंबड्या अंडी देतायत. मुख्य बातमी म्हणजे सुंदर स्टेशनाच्या स्पर्धेचे परीक्षक या आठवड्यात न कळवता येणार आहेत. नऊ वर्षं दुसरा नंबर, ताई! माझी डोरा जाऊन तीन वर्षं झाली, पण तिचा गुलाब यंदा असा फुललाय म्हणून सांगू. मी स्टेशनमास्तर असून गावभर फिरून विनवलं, की बाबांनो, हा आठवडा बसनं जा, चिखलाचे बूट माझ्या फलाटावर नकोत. गुणी माणसं, एकूण एकानं ऐकलं.

सोमवारपासून एक वहीवाले साहेब बाकावर बसतात. गाडी आली, की काहीतरी टिपतात. मी रोज चहा-केक देतो. खूश दिसतात.

लोभ आहेच, तो बेदाण्यांसकट पाठव.

तुझा क्लेमंट

मार्कबी,
२ जुलै

चि. क्लेमंट यास ताईचे आशीर्वाद.

अरे शहाण्या, केक कुणाला चारलास? शेजारणीचा नवरा रेल्वेच्या कचेरीत आहे. तो सांगतो, की ते साहेब फुलं नाही, उतारू मोजत होते. कुठली स्टेशनं बंद करायची ते ठरवायला. हॉथर्नबीपुढे सातही दिवस शून्य! स्टेशन गेलं की तुझं राहतं घर जाईल, डोराची बाग जाईल. रडू की तुला बडवू? आधी खरं काय ते त्यांना कळव.

माझी मागची खोली रिकामी आहे. उगाच लिहीत नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
विनी

हॉथर्नबी,
४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

खरं कळवलं होतं. उत्तर आलं, की आकडा बदलता येत नाही. त्याच टपालात दुसरं पाकीट होतं. पहिला नंबर!

काल शेवटची गाडी गेली. निरोपाला तीनशे माणसं आली, बहुतेक मोटारीतून. आठवण म्हणून शेवंती तोडून नेली. पोस्टातल्या मिसेस टिबेट हुंदके देत म्हणाल्या, की स्टेशनाशिवाय गावाचं कसं होणार? मी विचारलं, गाडीत शेवटच्या कधी बसलात? तर म्हणाल्या, तुम्हीच नको म्हणालात ना! फलाट चिखलानं बरबटला. मी कुणालाही हटकलं नाही. कोपऱ्यात जाऊन रडलो मात्र.

शनिवारी येतो. बक्षिसाची पाटी भिंतीवरच ठेवली. डोराचा गुलाब मुळांसकट काढलाय, खड्डा खणून ठेव. बसनंच यावं लागणार. मुळांना चिखल आहे, कंडक्टर चढू देईल ना गं?

तुझाच,
क्लेमंट